साऊ वेनची धाव

राच ला नावाच्या कालव्याच्या दोन्ही काठांवर कुणाचं पोर पाण्यात पडलं, तर माणसं पोराच्या नावानं हाका मारायच्या आधी साऊ वेनच्या नावानं मारत. पोराला बाहेर काढणारे पुष्कळ होते, कारण पोहता कुणाला येत नाही? पण बाहेर काढल्यावर पुढचं काम साऊ वेनचं, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं ठरून गेलेलं होतं. तो येई, पोराचे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवरून पुढे ओढून छातीशी घट्ट धरी, डोकं पाठीवर खाली लोंबू देई आणि पळत सुटे. कालव्याच्या बांधावरून वाघाच्या देवळापर्यंत जायचं आणि देवळाला तीन फेऱ्या घालायच्या. पळताना पोटातलं पाणी गळून जातं, पाणी गेलं की जीव माघारी येतो, असं त्याच्या आज्यानं सांगितलं होतं आणि आज्याला त्याच्या आज्यानं.

साऊ म्हणजे सहावा. खरं तर तो पाचवा, पण आमच्याकडे थोरल्याला पहिला म्हणत नाहीत, मोजणीच दुसऱ्यापासून सुरू होते. धंदा नारळ सोलायचा. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळावर दिवसाला हजारभर नारळ तो सोलून टाकी, त्यामुळे खांदे रेड्याचे आणि बोलणं जवळजवळ नाहीच. असल्या माणसाला लोक मान देतात तेव्हा तो मान कुठे ठेवावा हे त्याला कळत नाही. साऊ वेनचंही तसंच होई. जेवणावळीत कुणी त्याला पुढे बसवलं की तो पायांकडे बघत बसे.

एकोणिसाव्या वर्षी त्यानं पहिलं पोर खांद्यावर घेतलं, न्हाव्याचं. दहा पावलं गेला नाही तोच पोरानं भडाभडा पाणी ओकलं आणि भोकाड पसरलं. झालं, साऊ वेनचं नाव कालवाभर झालं. आता मागे वळून पाहिलं तर ते पोर जिवंतच होतं, श्वास चालू होता, जमिनीवर कुशीवर निजवलं असतं तरी रडलंच असतं. पण तेव्हा असा विचार करणारं गावात कोण होतं? त्यानंतर तो अकरा वेळा पळाला. चार पोरं परत आली. सात आली नाहीत, आणि त्या सातांच्या आईबापांनीही त्याचे हातच जोडले, कारण त्याच्याकडून पळण्यात कसूर झाली नव्हती.

त्या सातांतला एक थुआन.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरा चांद्रमहिना होता आणि भर दुपार. त्या दिवसांत आमच्याकडे बाराच्या पुढे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मोठी माणसं दोरीच्या झोळ्यांत पडून राहतात आणि पोरांना मात्र अंगाची काहिली सोसवत नाही, ती गुपचूप पाण्याकडे जातात. गावातल्या लायचा सहा वर्षांचा मुलगा थुआन असाच गेला. मातीची मडकी विकत फिरणाऱ्या एका परक्या बाईनं त्याला आपल्या होडीतून बांबूनं ओढून काठावर घेतलं, उताणं निजवलं, मान मागे केली आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घालायला लागली. जमलेल्या बाया म्हणाल्या, ही काय करतेय, मेलेल्या पोराचे मुके घेतेय. तेवढ्यात सूळ सोडून साऊ वेन धावत आला. लाय छाती बडवत ओरडत होती, "पळ, दादा, पळ ना." त्यानं कोपरानं त्या बाईला बाजूला ढकललं आणि पोर उचललं.

त्या दिवशी तो तीनाच्या जागी पाच फेऱ्या पळाला. वाट तापलेल्या खडीची होती आणि पायांत काही नव्हतं. थांबला तेव्हा टाचांची सालं गेली होती आणि थुआन पाठीवर होता तसाच होता. लायनं स्वतःच्या डोक्याचा चौकड्यांचा पंचा फाडून त्याच्या पायांना बांधला, तोही पोराला मांडीवर घेतलेलं असताना. असली बाई.

तेव्हापासून थुआनच्या दर वर्षश्राद्धाला पहिली चटई साऊ वेनची. नारळाच्या पाण्यात आटवलेला मासा, आंबट कालवण, बदकाची पेज, सगळं आधी त्याच्या वाडग्यात पडायचं, मग गावाच्या. लायचा नवरा पुढे वारला, दुसरं मूल झालं नाही. श्राद्ध मात्र एकदाही चुकलं नाही, आणि साऊ वेनही चुकला नाही.

यंदा उन्हाळा फार वाईट गेला. समुद्राचं खारं पाणी कालव्यातून पार वरपर्यंत चढलं, नारळाची झाडं पिवळी पडली, पोरांच्या अंगाला खारानं खाज सुटली. गोडं पाणी साठवायला घरोघर खड्डे खणले होते, माणसापेक्षा खोल, आत निळं प्लास्टिक अंथरलेलं. बुडाला शेवाळ धरलं की ते प्लास्टिक तेलासारखं गुळगुळीत होतं. आत पडलेली बदकंसुद्धा वर येईनात. आरोग्यकेंद्रातली नर्स क्वेन स्कूटरवरून दारोदार फिरून सांगायची, खड्ड्याला कुंपण घाला, एका बाजूनं जुनं जाळं आत सोडून ठेवा म्हणजे पडलेल्याला धरायला काही राहील, दुपारी पोरांवर एक मोठं माणूस नेमा, झोळीत पडलेलं नको. लोक हो हो म्हणायचे. जाळं मासे धरायला लागायचं.

एके सकाळी क्वेनची स्कूटर साऊ वेनच्या अंगणात थांबली. बुडालेल्याला कसं वाचवायचं ते चावडीवर शिकवणार आहोत, आणि साऊआजोबांनी पहिल्या रांगेत बसायचं आहे, असं ती म्हणाली. साऊ वेन नारळ सोलतच राहिला. त्याची बायको मात्र फणकारली, की पोरी, पाण्यातलं पोर कसं वाचवायचं हे तू ह्यांना शिकवणार? क्वेन हसली नाही की रागावलीही नाही. तुमचं नाव मला एका माणसानं मुद्दाम दिलंय, एवढंच म्हणाली.

तो गेला. चावडीवर पंखा घरघरत होता आणि टेबलावर रबराचं बाहुलं उताणं पडलं होतं. पोर श्वास घेत नसेल तर सपाट निजवायचं, क्वेन सांगत होती. मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडातून फुंकर, छाती वर येते का बघायचं. मग छातीच्या मधोमध दाब, तीस दाब आणि दोन फुंकरा, मदत येईपर्यंत. दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावायचा. पोटातलं पाणी काढत बसायचं नाही, पाण्यापेक्षा हवा नसणं मारतं.

सगळी चावडी साऊ वेनकडे चोरून बघत होती. मग त्यानं विचारलं.

"आणि घेऊन पळालं तर?"

"पळताना श्वास कोण देणार, आजोबा?" क्वेन हळू आवाजात म्हणाली.

वेळ किती असतो, हेही त्यानं विचारलं. चार-पाच मिनिटं, कधी त्याहून कमी, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साऊ वेननं नारळाच्या सोडणांचं एक पोतं खांद्यावर घेतलं, बायकोचा फोन खिशात टाकला आणि कालव्यापासून देवळापर्यंत जाऊन तीन फेऱ्या पळून आला. अकरा मिनिटं झाली. तेव्हा आपण तरुण होतो म्हणून त्यानं तीन वजा केली. आठ राहिली. आणि थुआनच्या वेळी फेऱ्या पाच होत्या. बायको दारात उभी होती. "अहो, म्हातारपणी कुठल्या शर्यतीत नाव घातलंय?" तिनं विचारलं. त्यानं पोतं उतरवलं आणि सुळापाशी जाऊन बसला, पण त्या दिवशी एकही नारळ सोलला नाही.

कारण चावडीवर ते बाहुलं बघताना त्याला एक गोष्ट आठवली होती. खरं तर ती तो कधी विसरलाच नव्हता, फक्त तिचा अर्थ त्यानं दुसरा लावून ठेवला होता. त्या मडकीवालीच्या हातातून त्यानं थुआनला उचललं तेव्हा पोरानं एक उचकी दिली होती. त्याच्या खांद्याला ती लागली होती. त्याला वाटलं, उचललं म्हणून पोर हललं, आता पळालो की येईलच, आणि तो जोरात पळाला. अठरा वर्षं त्या उचकीवर त्यानं मनाची समजूत घातली होती, की आपण थोडक्यात कमी पडलो. आता कळत होतं की ती उचकी त्या परक्या बाईच्या फुंकरीची होती. पोर परत यायला निघालं होतं, आणि वाटेतून त्यानं ते उचलून नेलं.

हे लायला सांगायला हवं होतं. न सांगता तिच्या हातचं कसं जेवायचं? आणि सांगितल्यावर तिनं जगायचं कसं? साऊ वेनला अन्न जाईना. संध्याकाळी तो घरातली उशी चटईवर ठेवून तिच्यावर तीस दाब मोजायचा, पुन्हा मोजायचा. माझ्या उशीचा जीव जाईल हो, असं बायको म्हणायची आणि मग त्याचं तोंड बघून उशी तिथेच राहू द्यायची.

श्राद्धाच्या दिवशी त्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं, केळ्यांचा घड त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, दुखू दे, लायकडे जाऊन दुखू दे, अठरा वर्षं ती तुमच्यासाठी चटई घालते आहे.

लायच्या अंगणात नेहमीसारखीच गर्दी होती. बाया चुलीपाशी, पुरुष चिंचेच्या सावलीत, फोटोतला थुआन उदबत्त्यांच्या धुरामागे. ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. पाण्याच्या खड्ड्याभोवती लायनं नारळाच्या झापांचं चांगलं कुंपण केलं होतं, जाळंही आत सोडलं होतं. पण सकाळी स्वयंपाकाला पाणी काढायला कुणीतरी एक झाप सरकवलं होतं आणि बादली अडकते म्हणून जाळं वर ओढून ठेवलं होतं. मग कामाच्या धांदलीत ते तसंच राहिलं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं.

साऊ वेननं उदबत्ती लावली आणि पहिल्या चटईवर बसला. लायनं पेजेचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"लाय, मला तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला.

"आधी जेव, दादा."

तेवढ्यात मागच्या बाजूनं पोरांचा गलका झाला. जेवायला आलेल्या खुओंगची चार वर्षांची मुलगी खड्ड्यात पडली होती. घरात तिला सगळे मित म्हणायचे, म्हणजे फणस. खुओंगनं उडी टाकली, पोर हाताला लागलं, पण त्याला वर येता येईना. दोनदा प्लास्टिकवरून घसरून तो पोरासकट परत आत गेला. साऊ वेन ओरडला, जाळं टाका, दुसरं कुणी आत जाऊ नका. जाळं पडलं, त्याला धरून खुओंग वर आला. मितचे ओठ जांभळे झाले होते आणि मान सैल पडली होती.

खुओंग दुसरीकडे कुठेच गेला नाही. सरळ साऊ वेनसमोर आला आणि पोर पुढे केलं. "काका, पळा." आणि सगळं अंगण दोन बाजूंना झालं, वाट मोकळी झाली, जशी दर वेळी होत आली होती.

साऊ वेननं पोर घेतलं. त्याचे पाय आपोआप वळले. दोन पावलं तो त्या वाटेवर गेलासुद्धा. मग थांबला, मागे फिरला आणि मितला पहिल्या चटईवर वाडग्यांच्या मधोमध उताणं ठेवलं. छाती हलत नव्हती. त्यानं मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावलं.

मितची आई दिएप मागून त्याचा सदरा ओढत होती, काका काय करताय, असं रडत विचारत होती. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचे पाय गेले, द्या दुसऱ्याकडे. साऊ वेन एका तळव्यानं दाबत होता आणि मोठ्यानं आकडे मोजत होता, कारण मोजलं नसतं तर त्याला बाकीचं ऐकू आलं असतं. खुओंगनं पोरीचे पाय धरले. तो आता तिला ओढून घेऊन स्वतः पळणार होता. साऊ वेनला ते दिसलं, पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

लायनं खुओंगचं मनगट धरलं. ती त्याच्या खांद्याएवढीही नव्हती.

"हात काढ," ती म्हणाली. "अठरा वर्षांपूर्वी 'पळ' म्हणून ओरडणारी मीच होते. माझं पोर त्या फोटोत आहे."

खुओंगचे हात सुटले. अंगणात फक्त आकडे ऐकू येत राहिले. तीस झाले, दोन फुंकरा झाल्या, पुन्हा एक, दोन, तीन. साऊ वेनच्या कपाळाचा घाम पोरीच्या छातीवर गळत होता. चौथ्या खेपेला मितनं उचकी दिली.

ती उचकी त्याच्या तळहाताला लागली आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला, रडण्याचा होता तो. पण त्यानं हात काढला नाही. अजून दाबलं, फुंकर घातली. मग पोरगी खोकली, पाणी आलं, त्यानं तिला कुशीवर वळवलं, आणि मग ती चिडून रडली. रडतेय म्हणून घरी न्यायचं नाही, इस्पितळातच न्यायचं, असं त्यानं खुओंगला दोनदा बजावलं. इंजिनाची होडी तयार झाली, अर्धं अंगण होडीत आणि अर्धं काठावर गेलं. तासाभरात दिएपचा फोन आला की पोरगी शुद्धीवर आहे, डॉक्टर रात्रभर ठेवून घेणार आहेत.

मग अंगणात दोघंच उरली. पेज गार झाली होती. काही वाडगे लवंडले होते, त्यांवर मुंग्या लागल्या होत्या.

"क्वेनला माझं नाव तू दिलंस," साऊ वेन म्हणाला.

लायनं होकाराची मान हलवली. तिनं हिवाळ्यात बायकांच्या वर्गात ते सगळं ऐकलं होतं. ऐकून आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. मग क्वेनकडे जाऊन म्हणाली होती, आधी साऊ वेनला शिकव, तो जोवर पोर खाली ठेवत नाही तोवर ह्या गावात कुणी ठेवणार नाही. "त्या बाईच्या हातातून तू घेतलंस ते मी पाहिलंय, दादा. आणि मीच तुला घ्यायला लावलं. दोघांनी मिळून केलं ते."

इथं साऊ वेन गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. तिला अर्धं माहीत होतं आणि त्या अर्ध्यासकट तिनं त्याला माफ केलं होतं. पण मितच्या उचकीचा स्पर्श अजून त्याच्या तळहातावर होता.

"तुला सगळं माहीत नाही," तो म्हणाला. "मी उचललं तेव्हा थुआननं उचकी दिली होती. आत्ता हिनं दिली तशीच. तो येत होता, लाय."

लाय उठली, फोटोपाशी गेली, विझलेल्या उदबत्तीच्या जागी दुसरी लावली. काडी तीनदा विझली. ती पाठमोरी इतका वेळ उभी राहिली की साऊ वेन उठून चालू लागला. फाटकापर्यंत पोहोचला तेव्हा तिनं हाक मारली.

"पुढच्या वर्षी ये," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "पण पहिल्या चटईवर बसू नकोस. ती त्या मडकीवालीची. ती कोण, कुठली, मला माहीत नाही, पण तिच्या नावानं ती रिकामी ठेवायची. तू शेवटी बस. सगळे जेवून गेले की घरची माणसं बसतात, तेव्हा. माझ्याबरोबर."

साऊ वेननं मान डोलावली. मग परत आला, खाली वाकला आणि लवंडलेले वाडगे एकात एक रचू लागला.